बिनऔषधाचा उंदीर

हसू नका, पण माही पीएचडी बाबांच्या कानानं वाचवली. बाबांनी चरोदा यार्डात तीस वर्षं मालगाडीची चाकं हातोडीनं ठोकून आवाज ऐकले. रिटायर झाले, पण कान अजून ड्युटीवरच.

त्या दिवशी मी भिलाईच्या आमच्या लॅबमध्ये बेशुद्ध उंदराच्या पोटावर डॉपलरचा, म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारा, प्रोब धरून बसली होती. आमच्या नव्या औषधानं रक्ताची धार मंदावली, म्हणून सर भलते खूश. स्पीकरमधून सूंऽप, सूंऽप वाजून राहिलं होतं. बाबा डबा घेऊन आले अन् दारातच थबकले.

"हा कावून असा रेंगाळून राहिला?"

"औषधाचा असर आहे, बाबा."

"अन् बिनऔषधाचा कसा वाजते?"

"त्याची पाळी उद्या."

"पोरी, पहिले चांगलं चाक ठोकावं लागते. नाहीतर बिघडलेलं समजंन कसं?"

सर हसले. म्हणे, "लाव, काकांचं मन राख."

मी बिनऔषधाचा उंदीर बेशुद्ध करून लावला. तोही तसाच रेंगाळत!

सरांचं हसू गेलं. मी उंदराखालच्या पाटीले हात लावला. बेशुद्ध उंदीर थंड पडला का रक्त आपोआप मंदावते, म्हणून त्याले ऊब द्यायची ती पाटी, अन् लागली थंडगार. तिची वायर धरत धरत बोर्डापाशी गेली, तर प्लग खाली लोंबून राहिला होता. त्याच्या जागी सरांची चहाची केटली!

सर गोरेमोरे झाले. "काका, चहा घेता का?"

"घेतो न," बाबा म्हणे, "पण पहिले उंदीर गरम होऊ द्या."