नऊ कपांची भिंत

मोजा ना ताई, खुशाल मोजा, मी कुठं नको म्हणतोय – पण आधी चहा घ्या. कप स्वच्छ आहे, या भिंतीवरचाच, हाताला लागला तो दिला. तर काय विचारत होतात? सगळीकडे हायस्कुलातले पुरुष शिक्षक कमी होतायत, मग याच शाळेत एका वर्षात तिनाचे नऊ कसे झाले? आणि एवढं विचारायला तुम्हाला दोन गाड्या बदलून पाठवलं? थांबा, मला जरा हसून घेऊ द्या. मी सातवी नापास शिपाई, आणि माझ्यामुळं तुमच्या ऑफिसातल्या कागदावरची रेघ वर चढली – माझे मास्तर आज असते तर त्यांनी मला दिलेल्या सगळ्या छड्या परत घेतल्या असत्या.

हजेरीपट बघितलात ना? पुरुषाचं नाव एकच आहे. भूगोलाचे सर. ते बाहेर मैदानावर आहेत, कारण सर एकच उरले की कवायत त्यांनी घ्यायची, मारामाऱ्या त्यांनी सोडवायच्या आणि नळ बिघडला तरी पोरी त्यांनाच बोलवायला येतात. मग नऊ कुठून आले? ते माझ्या भिंतीवरून आले. या बघा खुंट्या – बावीस. मी लागलो तेव्हा बावीस सर होते, सरांच्या या खोलीत विडीच्या धुरानं एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत, आणि बायका दोन, त्या बिचाऱ्या जिन्याखाली डबा खायच्या. हो हो, जिन्याखालीच, ते लिहा. तेव्हा कुणी मोजायला आलं नाही, तेही लिहा. तर इथला रिवाज असा, की नवा सर पहिल्या दिवशी घरून आपला कप आणणार आणि खुंटीला अडकवणार. रिटायर झाला की हार घालून, कप हातात देऊन पाठवणी. पण जो मधेच सोडून गेला त्याला कप नाही – तो इथंच लटकणार. का? म्हणजे काय का, हेडसरांच्या हेडसरांनी ठरवलं म्हणून. मी दर सोमवारी सगळे धुतो. गेल्या वर्षी तुमचा तो चष्मेवाला आला, नेमका सोमवारी, नेमका परीक्षेच्या दिवशी, सर तिघंही वर्गात. मला म्हणाला, काका, पुरुष शिक्षक किती? मी म्हटलं, ही त्यांची भिंत, बघा तुम्हीच. कप ओले होते, त्याला वाटलं सगळे रोजच्या वापरातले. त्यानं नऊ मोजले, सही केली, चहा पिऊन गेला. मी खोटं बोललो का? शब्दानं नाही. त्यानंतर दोघं गेले, एक हार घालून, आणि एक असाच. तो काळा कप त्याचाच.

आता तुमच्या मनात काय आहे ते मला माहितीये. मोठ्या बाईंनी सकाळीच सांगितलं – एकच सर असेल तर ही खोली कशाला, कपाट हलवा, खुंट्या उपटा, कप भंगारात द्या, उद्यापासून इथं बायका बसतील. बसू देत की. पलीकडे सव्वीस जणी आहेत, बाकं जोडून बसतात, दार उघडलं की एक बाहेर पडते. माझं बाईमाणसाशी भांडण नाही, माझ्या घरात चाळीस वर्षं बाईचंच राज्य होतं. खोली द्या, पंखा द्या, मला बाहेर स्टुलावर बसवा. पण भिंतीला हात लावायचा नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, अहो, गेलेल्या माणसांचे कप कशाला जपता? मी म्हटलं, तुम्ही गेलेल्या मुलांचे दाखले जपता ते कशाला?

का गेले? ते तुमच्या कागदात चौकोन करून विचारलंय ना – पगार, बदली, इतर. इंग्रजीचे सर विमा विकतात. चित्रकलेचे सर पाट्या रंगवतात आणि माझ्यापेक्षा जास्त हसतात. आणि विज्ञानाचे सर – फरशीच्या गोदामात आहेत. सहा वर्षं इथं शिकवलं, दर जूनला नव्यानं अर्ज, नव्यानं नेमणूक. मुलगी बघायला गेले तर मुलीचा बाप म्हणाला, शिक्षक आहात, बरं, आणि काम काय करता? तिथून येताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले. तुमच्या हातात आहे तो त्यांचाच कप. सांभाळून, कड उडालीये, ओठाला लागेल. चौथीत असताना ओट्यावरून पाडला होता, तेव्हा आईनं असा धपाटा घातला –

काय?

बघताय काय अशा? चौथीत होता, बाकीचे सर काय जन्मतः सर होते? असेल माझा मुलगा, त्यात काय. इथं मी त्याला अहो सर म्हणायचो आणि तो मला काका म्हणायचा, सगळ्यांसारखं. घंटा देताना मी त्याचा तास दोन मिनिटं लांबवायचो, एवढीच काय ती लबाडी. प्रयोग करून दाखवायचा, पोरं उठायची नाहीत. शेवटच्या दिवशी कप काढायला गेला, मीच म्हटलं, सर, रिवाज माहितीये ना, मधेच जाणाऱ्याला मिळत नाही. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

नाही, परत येईल असं मी म्हणतच नाही. मी काय वेडा आहे? पण आला तर खुंटी हवी की नको?

लिहा, एक लिहा. रेघ खाली आणा, तुमच्या साहेबांना बरं वाटेल. खाली हेही लिहा, की शिपायानं भिंत सोडली नाही, उपटायची तर आधी शिपायाला उपटा. संपला चहा? तिथं नका ठेवू. द्या इकडे, तो मीच धुतो. आणि आता उठा ताई, तास संपला, मला घंटा द्यायचीये.