थोरलीची चिठ्ठी

मोठे डॉक्टर, एकाच घरातल्या दोन जावांच्या हाडांत एकच कॅन्सरचं दुखणं, आणि तुम्ही चाचणीच्या नावाखाली चिठ्ठ्या टाकल्यात! धाकटीला नवं औषध, थोरलीला जुनं. स्कॅनच्या खोलीबाहेर माझ्या नंबराची वाट बघत मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो.

“वेणी घालून आलीस? मला दाखवायला?”

“जाऊबाई, केस आहेत तर काय करू?”

“तुझं औषध बारीक कणांवर बसून नेमकं हाडातल्या गाठीवर उतरतं. माझं मेलं अंगभर धिंगाणा घालतं, केससुद्धा गेले.”

“पण तुमचा स्कार्फ बघून सासूबाई उशी आणतात. मला म्हणतात, धडधाकट आहेस, भांडी घास.”

“मग घे हा स्कार्फ.”

“द्या. घ्या माझी जागा.”

“खरंच देशील?”

धाकटीने वेणी मुठीत धरली.

“नाही, जाऊबाई. स्कॅनमध्ये ते कण चमकतात ना, त्यात गाठ लहान झालेली दिसली मला.”

तेवढ्यात तुम्ही बाहेर आलात. थोरली उठून म्हणाली, “डॉक्टर, हिला गुण आलाय. मग माझी चिठ्ठी कधी बदलणार?”

तुम्ही घड्याळ बघितलंत आणि निघून गेलात. ती अजून उभीच आहे. उत्तर द्या.