वळचण पास झाली

रांगेत कधी कुणाला पुढे घुसू न देणाऱ्या मालतीबाई स्वारगेटला धायरीच्या बससाठी उभ्या होत्या. मागे एका मुलीने फोन ठेवला आणि शेजारच्या म्हाताऱ्याचा हातच धरला.

"आजोबा, प्लॅन पास झाला!"

"त्यो तू काढलेला, काचंच्या हापिसाचा?"

"तोच. तीनदा परत आला होता. ऊन थेट आत, एसी दिवसभर चालू. वीजबचतीच्या नियमात बसेचना."

"मंग?"

"तुमचा गोठा आठवला. पत्रा भिंतीच्या दोन हात पुढे काढलाय ना? तसंच दक्षिणेच्या प्रत्येक खिडकीवर काढलं आणि काच निम्मी केली."

"आगं, ती वळचण हाय. उनाच्या तडाख्यात म्हस पान्हा चोरती, म्हणून काढली."

"तपासणारे साहेब म्हणाले, हे कुठल्या परदेशी पुस्तकातलं?"

"तू काय म्हनलीस?"

"म्हटलं, धायरीच्या गेनबा आजोबांचं. नकाशावरचं इंग्रजी नाव खोडून 'वळचण' लिहिलंय."

म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी नीट बसवली.

बस आली. मालतीबाई बाजूला झाल्या.

"आधी तुम्ही चढा, आजोबा."

"दोन धायरी," गेनबा कंडक्टरला म्हणाला. "आन् डायवरला म्हनावं, जरा दाबून घ्या. म्हशीला सांगायचंय."