न कापलेली फीत

आदरणीय अध्यक्ष, आपल्या कंपनीचे संचालक साहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या सामाजिक जबाबदारी विभागाच्या प्रमुख बाई, आणि समोर चहाची वाट पाहत बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी कंपनीचं पाळणाघर सांभाळते. झोपवणं हेच माझं काम, तेव्हा कुणाला डुलकी लागली तर दोष माझाच समजावा.

साहेब आत्ता म्हणाले, उद्योग वाढला की देशाचा विकास होतो. खरंच आहे. पण पॅकिंगमधल्या आईला तो विकास कधी जाणवतो? पट्ट्यावर हात चालू असताना बाळाचा घोर मिटतो, तेव्हा!

बाईंचा हेका तुम्हाला ठाऊक आहे. कंपनीने वस्तीला पाणी शुद्ध करणारं यंत्र दिलं, फीत कापली, फोटो छापले. पुढे बाई सहज तिकडे गेल्या, तर यंत्र बंद आणि बायका त्याच्यासमोरून हंडे घेऊन लांब निघालेल्या. यंत्राची जाळी कुणी बदलायची, हे कुणी ठरवलंच नव्हतं! तेव्हापासून बाईंचं एकच, आधी वर्षभर चालवून दाखवा, मग फीत कापा. वरिष्ठ वैतागले. अहवालात फोटो कसले लावायचे? बाई म्हणाल्या, "कोरं पान सोडा. तेवढंच खरं राहील."

म्हणूनच पाळणाघराची फीत अजून तशीच आहे. आणि उद्घाटन नाही, अहवालात नाव नाही, त्यात बाईही निघाल्या, तर पुढच्या वर्षी ते चालू राहील की नाही, या धास्तीने आम्ही सगळ्या बेजार आहोत. काल साहेबांनी मोठ्या मनाने सुचवलं, "बाई, उद्या तुमच्याच हस्ते उरकून टाकू." तर बाई म्हणतात, "वर्ष कुठे झालंय?"

मला रागच आला. म्हटलं, "बाई, तुमच्या हट्टापायी पाळणाघर बंद पडेल!"

त्या म्हणाल्या, "अगं, एकदा फीत कापली की काम संपलं म्हणून सगळे हात झटकतील. ती तशीच राहिली, तर येता-जाता डोळ्यांना खुपेल."

मग आम्ही बायकांनी त्यांच्यासाठी भेट आणली. ही कात्री. बाई, घरी न्या आणि वर्ष भरलं की घेऊन या. साहेब, त्या येतील तेव्हा फीतही असावी आणि आत मुलंही असावीत, एवढंच मागणं आहे.

माझ्यासारखीला इथे बोलू दिलंत, मनापासून आभार. काही कमी-जास्त बोलले असेन, तर मला सांभाळून घ्या. आणि पाळणाघरालाही.