तांदळातलं नाव

(डिचोलीजवळचं एक घर, १९८७चा उन्हाळा. पडवीत सून विनोदिनी रवी ओढते आहे. सासू चंद्रावती भिंतीला टेकून बसली आहे.)

चंद्रावती: दोरी सैल सोडू नको गो, मालती. अशी घुसळलंस तर लोणी येवचा नाय.

विनोदिनी: आई, मी विनोदिनी.

चंद्रावती: लग्नात श्रीनाथान तांदळात जा नाव लिवला, ताच तुझा.

विनोदिनी: त्यांचा हात सवयीने गेला. पहिल्या बायकोचं नाव पुन्हा लिहिलं. भटजींनी ते मोठ्याने वाचलं. तांदूळ सारखे करा म्हटलं, तर तुम्हीच अडवलंत.

चंद्रावती: लिवलेला नाव पुसूचा नसता. आणि खरा सांगू, माका बरा वाटला. मालती म्हणान परत हाक मारूक गावली.

विनोदिनी: आणि मला रोज मेलेल्या बाईच्या नावाला ओ द्यावी लागते. माहेरी, कारापूरला मला सगळे विनू म्हणायचे. इथे आल्यापासून माझं नाव कोणी घेतलेलं नाही. भीती वाटते मला.

चंद्रावती: तिका कसली भियातंस? बाळंतपणात गेली बिचारी. कोणाचा वायट करूची नाय ती. जरा थंड पाणी घाल.

विनोदिनी: घातलं. कण दिसताहेत. आई, आजपासून मला माझ्या नावाने हाक मारा. एवढंच मागते.

चंद्रावती: तोंडात बसलेला सुटाक नको? मघाशी हाक मारलंय तर गुमान ओ दिलंस मगे.

विनोदिनी: मघाशी कधी?

चंद्रावती: तू घुसळूक बसायच्या आधी. मालती, मडक्यार झाकण घाल, म्हटलंय. तू रांदपाच्या खोलीतसून ओ दिलंस.

विनोदिनी: मी स्वयंपाकघरात नव्हतेच, गोठ्यात होते. हाक ऐकली, पण मुद्दाम गप्प राहिले. आज त्या नावाला ओ द्यायची नाही, असं ठरवलं होतं.

चंद्रावती: मग श्रीनाथ चेष्टा करीत आसतलो.

विनोदिनी: हे सकाळीच डिचोलीला गेलेत, गोवा राज्य झालं त्या मिरवणुकीला. घरात आपण दोघीच. आणि आई, मी आले तेव्हा मडक्यावर झाकण होतं. मी घातलं नव्हतं.

चंद्रावती: तिचोच आवाज होतो. माका वाटला, तू तिच्यासारखी बोलूक लागलंस.

विनोदिनी: तुम्ही रडताय?

चंद्रावती: एकदाच परत हाक मारून बघू, गो? एकदाच.

विनोदिनी: नको, आई. पुन्हा ओ आली, तर मग ह्या घरात मी कोण?

चंद्रावती: ...लोणी काढून घे, विनोदिनी. पाघळतला.