संध्याकाळचा फोन

पुण्यात माझं कामच मोबाईल नेटवर्कवरची गर्दी सांभाळायचं आहे, पण खरं सांगू का, त्यात माझी आई माझ्या पुढं गेली. ती गावी, ताडकळसला एकटी असते. संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल लावला की तिचा चेहरा अडकायचा, आवाज तुटायचा. एकदा तिनं विचारलं, "आसं काहून व्हायलंय?"

मी म्हणालो, "टॉवर तेवढाच, आणि संध्याकाळी सगळेच एकदम बोलायला लागतात. कोणीच थांबलं नाही की सगळ्यांचंच अडकतं."

दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी माझा फोन उचलेचना. काळजीनं मी एकदा सकाळीच लावला, तर शांतपणे म्हणाली, "शेजारच्या दोन पोरींचे मायबाप ऊस तोडायला गेलेत. त्यांला दिस मावळल्यावरच फोनला सवड मिळती. पोरी मोबाईल धरून बसत्यात. तेवढा वेळ आपण थांबू."

"पण आई, दिवसभर काम करून आल्यावर मलाही तुला बघावंसं वाटतं."



"मला बी लय वाटतं," ती म्हणाली. "पण वाट बघायची मला सवय हाय. त्या पोरी अजून लहान हायेत."