घुशीनं काढलेली ओली माती

ऐका, करमाडला एक म्हातारा होता, त्याची म्हातारी म्हणजे मी, आमची मेंढरं अन् भिंतीखाली एक घूस. भर उन्हाळ्यात नळ आटला. पाइप जमिनीत कुठं फुटला ते कळंना, मेंढरं तहानेनं माना टाकायला लागली. त्यात घुशीनं अंगणात मातीचा ढीग काढला. म्हातारा उंदराचं औषध घेऊन निघाला.

मी म्हणलं, "थांबा. घरातला उंदीर दाणे पळवतो, शेतातला कणसं साठवतो, घूस नुसती माती उकरती. हात लावून बघा, माती ओली हाय."

"मग?"

"एवढ्या उन्हात तिला पाणी कुणी दिलं?"

त्यानं तिथंच खणलं. फुटका पाइप सापडला, जोडला. सांजच्याला मेंढरं पोटभर प्याली, अन् म्हातारा भाकरी घेऊन बिळाकडं निघाला.

"कुठं?"

"तुझ्या माहेरचं माणूस हाय, उपाशी ठेवू का?"